तंबू आणि शेकोटी : विशाल इमारतींच्या गॅस-प्रारण तापनरचनेची एक चिकित्सा

१. प्रस्तावना

थंड हवामानाच्या देशांत कारखान्याची शेड, मालाचे गोदाम, विमानांचा हँगर, रेल्वे इंजिनांची दुरुस्तीशाळा यांसारख्या विशाल इमारती उबदार राखणे हा केवळ यंत्र-अभियांत्रिकीचा प्रश्न मानला जातो. वास्तविक तो वास्तुविद्या, शरीरशास्त्र, अर्थकारण आणि श्रमसंबंध अशा अनेक विद्याशाखांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. दहा मीटर उंचीच्या शेडमध्ये माणूस जमिनीपासून दोन मीटरांच्या थरात वावरतो. उरलेल्या आठ मीटरांतील हवा त्याच्या उपयोगाची नसते. तरीही गरम हवा फुंकणारी यंत्रणा ती हवाच आधी तापविते. गरम हवा हलकी असल्याने वर जाते, छताला भिडते, फटींतून निसटते आणि खाली काम करणाऱ्याचे पाय थंडच राहतात.

या विसंगतीवर उपाय म्हणून १९६० च्या दशकापासून अमेरिकेत आणि त्यानंतर युरोपात गॅसवर चालणाऱ्या ‘रेडियंट ट्यूब’ची, म्हणजे छताखाली टांगलेल्या तप्त प्रारण-नळीची, पद्धत रूढ होत गेली. ब्रिटनमध्ये १९६७ ते १९७७ या काळात कोळशापासून बनविलेल्या शहरी गॅसची जागा नैसर्गिक वायूने घेतली आणि या पद्धतीच्या प्रसाराला तेथे अनुकूल भूमी मिळाली. ‘हवा नव्हे, माणूस तापवा’ हे या पद्धतीचे सूत्र होय. प्रस्तुत लेखात या सूत्राची आणि त्याच्या आधारे होणाऱ्या रचनाव्यवहाराची चिकित्सा अभिप्रेत आहे. तत्त्व म्हणून हे सूत्र निर्दोष आहे. परंतु प्रचलित आकडेमोडीत माणूस पुन्हा हरवतो आणि केवळ इमारतीचे घनफळ शिल्लक राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. बॅनहॅम यांचा दृष्टान्त

इमारतीतील ऊब, उजेड आणि हवा यांचा इतिहास वास्तुकलेच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हा विचार ब्रिटिश समीक्षक रेनर बॅनहॅम यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्किटेक्चर ऑफ द वेल-टेम्पर्ड एन्व्हायर्न्मेंट’ या ग्रंथात ठामपणे मांडला. त्यातील एक दृष्टान्त प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एक भटकी टोळी सायंकाळी मुक्कामाला येते. आसपास लाकूडफाटा विपुल आहे. त्या लाकडातून निवारा उभारावा की ते पेटवून शेकोटी करावी, असे दोन मार्ग टोळीपुढे आहेत. पहिला मार्ग बांधकामाचा, दुसरा ऊर्जा खर्च करण्याचा. पाश्चात्य वास्तुविचाराने निवाऱ्यालाच वास्तुकला मानले आणि शेकोटीला तिच्या इतिहासात स्थान दिले नाही, ही बॅनहॅम यांची मुख्य तक्रार होय.

शेकोटीविषयी त्यांनी केलेले निरीक्षण मार्मिक आहे. शेकोटीला भिंती नसतात. तिच्याभोवती उबेची वर्तुळे असतात. ज्याला अधिक ऊब हवी तो जवळ सरकतो, ज्याला कमी हवी तो मागे बसतो. वाऱ्याच्या दिशेला धूर जातो, म्हणून ती बाजू टाळली जाते. म्हणजेच शेकोटीने निर्माण केलेली जागा एकसारखी नसते आणि तिच्यात माणसाला निवड करता येते. छताला टांगलेली तप्त नळी ही या अर्थाने तंबूच्या आत आणलेली शेकोटीच आहे.

तथापि बॅनहॅम यांच्या मांडणीलाही मर्यादा आहेत. त्यांच्या ग्रंथात बेलफास्टचे रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालय (१९०३) आणि फ्रँक लॉइड राइट यांची बफेलो येथील लार्किन इमारत (१९०६) यांचे विवेचन सविस्तर येते. लार्किन इमारत ही साबण बनवून टपालाने विकणाऱ्या कंपनीचे कार्यालय होते. कारकुनांना मिळालेली हवा अशा रीतीने इतिहासात नोंदली गेली. परंतु त्याच कंपनीच्या कारखान्यात आणि गोदामांत राबणाऱ्यांची हवा त्या चर्चेच्या केंद्रस्थानी आली नाही. पुढे १९८६ च्या ‘अ काँक्रीट अटलांटिस’ या ग्रंथात बॅनहॅम कारखान्यांकडे आणि धान्यकोठारांकडे वळले खरे, पण तेथे त्यांचे लक्ष मुख्यतः आकारावर आणि त्या आकारांनी युरोपीय आधुनिकतेवर पाडलेल्या प्रभावावर होते. विशाल कामाच्या जागेतील उबेचा प्रश्न समीक्षेने असा दुर्लक्षित ठेवल्यामुळे तो पूर्णपणे उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांच्या स्वाधीन झाला.

३. यंत्रणेचे स्वरूप

या यंत्रणेची रचना साधी आहे. सुमारे १०० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीच्या एका टोकाला बर्नर असतो. त्याची ज्योत नळीच्या आत पसरते आणि दुसऱ्या टोकाचा पंखा ज्वलनवायू ओढून घेतो. काही रचनांत पंखा बर्नरच्या बाजूला राहून वायू पुढे ढकलतो. नळीच्या वर चकचकीत अॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा परावर्तक असतो. तो वर जाणारे प्रारण खाली वळवितो. नळी लाल होत नाही. ती अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता देते.

येथे एक भौतिक नियम रचनाकाराने सतत ध्यानी ठेवावा लागतो. स्टीफन–बोल्ट्झमन नियमानुसार पृष्ठभागाचे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. बर्नरजवळ नळीचे तापमान ५०० अंश सेल्सिअस आणि शेवटच्या टोकाला २०० अंश धरले, तर आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या हिशेबाने पहिल्या ठिकाणी प्रतिचौरस मीटर सुमारे २० किलोवॉट आणि शेवटी सुमारे २.८ किलोवॉट इतके प्रारण बाहेर पडते. म्हणजे एकाच नळीच्या दोन टोकांत सातपटींचा फरक पडतो. नकाशावर नळी ही सरळ, एकसारख्या जाडीची रेषा म्हणून काढली जाते. प्रत्यक्षात तिच्या एका टोकाखाली भर उन्हाळा असतो आणि दुसऱ्या टोकाखाली माघातली सकाळ.

या कारणास्तव जाणता रचनाकार बर्नरचे टोक बाहेरच्या भिंतीकडे अथवा मोठ्या दाराकडे ठेवतो, कारण हानी तेथे सर्वाधिक असते, आणि थंड टोक इमारतीच्या मध्याकडे नेतो. ‘यू’ आकाराच्या नळीत तप्त आणि निवती बाजू शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे उबेचे वाटप अधिक समतोल होते. सरळ नळी दूरवर पोहोचते. मात्र तिच्या शेजारची नळी उलट दिशेने पेटती ठेवली नाही, तर शेडची एक बाजू कायमची थंड राहते. पोलादाच्या प्रसरणाचाही विचार करावा लागतो. बारा मीटर नळीचे सरासरी तापमान ३३० अंशांनी वाढले, तर तिची लांबी सुमारे ४८ मिलिमीटरने वाढते. म्हणून नळी घट्ट न जखडता साखळ्यांवर टांगली जाते आणि गॅसची जोडणी लवचिक ठेवली जाते.

४. उष्णताहानीचे गणित आणि सवलतीचा गुणक

रचनेचा आरंभ उष्णताहानीच्या गणिताने होतो. उदाहरणादाखल ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि १० मीटर उंच शेड घेता येईल. तिचे घनफळ २४,००० घनमीटर भरते. छत, भिंती आणि जमीन यांचे उष्णतारोधन बऱ्यापैकी आहे असे मानून छतासाठी ०.३५, भिंतींसाठी ०.४५ आणि जमिनीसाठी ०.२० वॉट प्रतिचौरस मीटर प्रतिअंश हे मूल्य धरल्यास बांधकामातून होणारी हानी प्रतिअंश २,२२० वॉट येते. आत १६ अंश आणि बाहेर उणे ४ अंश, म्हणजे २० अंशांचा फरक असताना ती सुमारे ४४ किलोवॉट होते.

आता हवेचा हिशेब पाहू. तासाला एकदा संपूर्ण हवा बदलते असे मानले, तर ती हवा तापविण्यास सुमारे १५८ किलोवॉट लागतात. म्हणजे एकूण २०२ किलोवॉटांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग केवळ फटींतून आणि दारांतून जाणाऱ्या हवेचा आहे. तोच बदल तासाला अर्धा मानला, तर एकूण गरज १२४ किलोवॉटांपर्यंत खाली येते. ज्या राशीवर संपूर्ण यंत्रणेचा आकार ठरतो, ती राशी बहुधा मोजली जात नाही. कोष्टकातून उचलली जाते. भिंतीच्या जाडीचा दशांशापर्यंत हिशेब करणारा रचनाकार दाराच्या उघडझापीबाबत अंदाजावर विसंबतो.

त्यानंतर एक गुणक लावण्याची प्रथा आहे. प्रारण-पद्धतीत हवेचे तापमान कमी ठेवता येते, या कारणाने उत्पादकांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत एकूण हानीतून १५ ते २० टक्के सरसकट कपात सुचविलेली आढळते. या सवलतीमागील तर्क तपासणे आवश्यक आहे. स्थिर हवेत माणसाला जाणवणारे तापमान हे हवेचे तापमान आणि सभोवारच्या पृष्ठभागांचे माध्य प्रारण तापमान यांची साधारण सरासरी असते. पृष्ठभागांचे तापमान १९ अंश मानले, तर हवा १३ अंशांवर असूनही १६ अंशांची ऊब जाणवते. वरील शेडमध्ये हवा तीन अंशांनी थंड ठेवल्यास वायुवीजनाच्या हानीत सुमारे २४ किलोवॉटांची बचत होते, म्हणजे एकूण गरजेच्या सुमारे १२ टक्के. हवाबदल तासाला अर्धा असेल, तर हीच बचत १० टक्क्यांच्या आत येते. बांधकामातून होणारी हानी मात्र याच प्रमाणात घटत नाही, कारण प्रारणाने जमीन आणि भिंतींचे पृष्ठभाग उलट अधिक तापतात.

छताखाली गरम हवेचा थर साचत नाही, हा फायदा यात मिळवावा लागेल. ज्या जुन्या, उंच आणि गळक्या शेडमध्ये गरम हवा वर साचून निसटत होती, तेथे ही बचत २० टक्क्यांहूनही अधिक होऊ शकेल. परंतु नव्या, हवाबंद आणि चांगल्या रोधनाच्या इमारतीत ती त्या मानाने अल्प राहील. यावरून स्पष्ट होते, की कपात हा प्रत्येक इमारतीच्या अभ्यासातून निघणारा निष्कर्ष असावयास हवा. तिला आरंभीच लावण्याचा गुणक करणे म्हणजे उत्तर आधी गृहीत धरून प्रश्न सोडविणे होय. वास्तवातली बचत कमी निघाली, तर यंत्रणा अपुरी पडते आणि त्या उणिवेचा भार कोणत्याही कागदावर न येता दाराशी काम करणाऱ्याच्या अंगावर पडतो.

५. जमीन नावाचे कोठार

प्रारण-पद्धतीचे सर्वांत मोठे बलस्थान या गुणकात नसून जमिनीत आहे. वरील शेडमधील सर्व हवा २० अंशांनी तापविण्यास सुमारे १५८ किलोवॉट-तास पुरतात. तिच्या १५ सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट जमिनीचे तापमान केवळ एका अंशाने वाढविण्यास मात्र सुमारे २०० किलोवॉट-तास लागतात. याचा अर्थ असा, की हँगरचे दार उघडून सारी हवा एका झटक्यात निघून गेली, तरी जमिनीत आणि यंत्रांत साठलेली उष्णता तेथेच राहते. दार लागताच ती नव्या हवेला आणि माणसाला परत मिळते. गरम हवेच्या यंत्रणेत दार उघडणे म्हणजे साठवणच गमावणे होय.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहिली पाहिजे. जमीन उशिरा थंड होते, तशी ती उशिरा तापतेही. सोमवारी सकाळी कामावर येणाऱ्याला ऊब मिळावी, तर यंत्रणा कित्येक तास आधी सुरू करावी लागते. ‘क्षणात ऊब’ हे विक्रेत्यांचे आश्वासन नळीच्या थेट खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याखांद्यांपुरते खरे असते. यंत्राखाली हात घालून काम करणाऱ्याला किंवा थंड लोखंड हाताळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. प्रारण सरळ रेषेत जाते. क्रेनचा तुळईखांब, मालाची उंच रॅक, विमानाचा पंख हे सर्व त्याच्या वाटेत छाया टाकतात. उन्हात जशी सावली असते, तशीच या उबेतही असते. नळ्यांचा नकाशा रिकाम्या शेडचा काढला जातो. काम मात्र भरलेल्या शेडमध्ये चालते.

६. ऊब मोजणारा कोण?

कोणत्या तापमापकाने ऊब मोजावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण या चिकित्सेचा तो गाभा आहे. भिंतीवरचा साधा थर्मोस्टॅट हवेचे तापमान जाणतो. प्रारण-पद्धतीत हवा मुद्दाम थंड ठेवलेली असल्याने असा थर्मोस्टॅट नळी विनाकारण पेटती ठेवतो आणि पद्धतीचा हेतूच विफल करतो. म्हणून काळ्या गोळ्याचा संवेदक वापरावा लागतो. तो हवा आणि प्रारण दोहोंचा एकत्रित परिणाम दाखवितो. या मोजणीचा पाया १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये घातला गेला. थॉमस बेडफर्ड यांनी कारखान्यांत हलके काम करणाऱ्या दोन हजारांहून अधिक कामगारांना त्यांच्या जागीच ‘कसे वाटते’ असे विचारले आणि त्या उत्तरांचा तापमान, प्रारण आणि हवेची गती यांच्याशी मेळ घातला. १९३६ च्या त्यांच्या अहवालाचे महत्त्व असे, की त्यात कामगाराचे म्हणणे हेच मोजमापाचे प्रमाण मानले गेले.

पुढे डॅनिश शास्त्रज्ञ पी. ओ. फँगर यांच्या १९७० च्या ग्रंथाने हे शास्त्र प्रयोगशाळेत नेले आणि त्याला समीकरणाची शिस्त दिली. ‘आय.एस.ओ. ७७३०’ या आंतरराष्ट्रीय मानकात उबदार छतामुळे येणारी प्रारणाची असमानता ५ अंशांच्या आत असावी, असा दंडक याच परंपरेतून आला. डोके तापलेले आणि पाय गार, ही अवस्था माणसाला विशेष जाचते हे त्यामागचे निरीक्षण होय. तथापि हा दंडक बैठे काम करणाऱ्या, स्वस्थ बसलेल्या माणसांवरील प्रयोगांतून आलेला आहे. फोर्कलिफ्ट चालविणारा, ओझी उचलणारा, आत-बाहेर करणारा माणूस त्यात बसत नाही. बेडफर्ड कारखान्यात गेले होते. त्यांच्यानंतरचे शास्त्र कार्यालयाच्या खुर्चीत स्थिरावले आणि कारखान्यासाठी पुन्हा सरसकट कोष्टके उरली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

या संदर्भात युरोपातील चर्चवास्तूंचे उदाहरण उद्बोधक आहे. उंच, जुन्या आणि आठवड्यातून काही तासच भरणाऱ्या या इमारती तापविताना चित्रे, लाकडी शिल्पे आणि भित्तिलेपन यांना तडे जातात. २००२ ते २००५ या काळात युरोपीय संघाच्या साह्याने झालेल्या ‘फ्रेंडली हीटिंग’ प्रकल्पात इटलीतील रोका पिएतोरे येथील चर्चमध्ये बाकांच्या जवळच कमी तापमानाचे विजेचे तापक बसविण्यात आले. उब भक्तांपुरती राहावी आणि वास्तू तिच्या नेहमीच्या गारव्यात राहावी, हा त्यामागचा विचार होता. यात नळी नाही आणि गॅसही नाही. परंतु ‘माणूस तापवा’ हे सूत्र येथे अधिक प्रामाणिकपणे पाळले गेले आहे. आधी माणूस कोठे बसतो ते पाहिले गेले आणि मग यंत्र ठरले.

७. ज्वलनाचे शेष

शेकोटीला धूर असतो. नळीलाही तो असतो, फक्त दिसत नाही. नैसर्गिक वायूच्या एक घनमीटर ज्वलनातून सुमारे १.६ किलोग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. २०० किलोवॉटांच्या ज्वलनाला तासाला सुमारे १९ घनमीटर वायू लागतो, म्हणजे तासाला सुमारे ३० किलोग्रॅम पाणी निर्माण होते. धुराडे बाहेर काढलेले असेल तर ही वाफ बाहेर जाते. खर्च वाचविण्यासाठी धुराड्याविना बसविलेल्या रचनेत मात्र ती शेडमध्येच सुटते आणि छताच्या थंड पत्र्यावर दव होऊन खालच्या मालावर ठिबकते.

अशा रचनांसाठी ‘ई.एन. १३४१०’ या युरोपीय मानकाने प्रतिकिलोवॉट तासाला किमान १० घनमीटर हवा बाहेर काढण्याची अट घातली. वरील उदाहरणात ती तासाला २,००० घनमीटर होते आणि २० अंशांच्या फरकाला तिच्यासोबत सुमारे १३ किलोवॉट उष्णता जाते. धुराड्यातून जाणारी उष्णता वाचविल्याचा दावा करताना ही वजाबाकी क्वचितच केली जाते. याशिवाय धातू स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनयुक्त द्रावकांची वाफ बर्नरमध्ये शिरल्यास हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन नळी आतून कुरतडली जाते. अशा ठिकाणी ज्वलनाची हवा बाहेरून आणणे अपरिहार्य ठरते. विमानांच्या हँगरमध्ये इंधनाच्या वाफेचा धोका असल्याने अमेरिकेच्या ‘एन.एफ.पी.ए. ४०९’ या मानकाने तापक यंत्र सर्वांत उंच विमानाच्या पंखाहून किंवा इंजिनकोशाहून किमान ३ मीटर वर असावे असा नियम केला. नळीची उंची ही अशा प्रकारे केवळ उबेची बाब राहत नाही. ती सुरक्षितता आणि आराम यांच्यातील तडजोड ठरते.

८. इंधनाचा प्रश्न आणि तंबूकडे परतणे

बॅनहॅम यांच्या दृष्टान्तातील टोळीला लाकूड विपुल होते. १९६९ साली इंधन स्वस्त होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते गृहीतक ढळले आणि १९८४ साली बॅनहॅम यांच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघाली. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपातील गॅसचे भाव भडकले, तेव्हा हा धडा पुन्हा मिळाला. दरम्यान २०१५ च्या युरोपीय नियमावलीने (क्रमांक २०१५/११८८) व्यापारी वापराच्या प्रारण-नळ्यांवर २०१८ पासून किमान ७४ टक्के हंगामी कार्यक्षमतेचे बंधन घातले आणि त्या गणनेत प्रारणाचा वाटा विचारात घेतला. नळीची किती उष्णता खरोखर प्रारणरूपाने माणसापर्यंत जाते, या प्रश्नाला कायदेशीर वजन मिळाले ही मोठी प्रगती होय.

तरीही गॅस तो गॅसच. वरील यंत्रणा वर्षाला १,५०० तासांइतकी पूर्ण भाराने चालली, तर तीन लाख किलोवॉट-तास इंधन जळून सुमारे ५५ ते ६० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पर्याय म्हणून उष्णता-पंपावर चालणारे कमी तापमानाचे छतपट्टे सुचविले जातात. येथेही चौथ्या घाताचा नियम आडवा येतो. ४५ अंशांचा पट्टा १५ अंशांच्या परिसराला प्रतिचौरस मीटर जेमतेम १७० वॉट प्रारण देतो. २०० किलोवॉटांसाठी सुमारे १,२०० चौरस मीटर, म्हणजे उदाहरणातील निम्मे छत, पट्ट्यांनी व्यापावे लागेल. तप्त नळीचे यश तिच्या आटोपशीरपणात होते आणि तोच आटोपशीरपणा इंधन जाळल्याविना सहजी मिळत नाही.

परंतु गरजच १२४ किलोवॉटांवर आली, तर पट्टे सुमारे ७३० चौरस मीटरांत मावतात. ती गरज कमी करण्याचा मार्ग नळीत नसून दारात आहे : वेगाने मिटणारी दारे, माल चढविण्याच्या धक्क्याला भोवतालची गादी, भिंत आणि छत यांच्या सांध्यांची बुजवणूक. येथे बॅनहॅम यांच्या दृष्टान्ताची पुनर्मांडणी आवश्यक ठरते. तंबू आणि शेकोटी हे परस्परांना पर्याय आहेत, असे तो दृष्टान्त सुचवितो. विशाल इमारतींचा अनुभव असा, की तंबू फाटका असेल तर शेकोटी कितीही मोठी केली तरी पुरत नाही. आणि तंबू नीट शिवला, तर लहान व निवत्या शेकोटीवरही भागते. प्रारण-पद्धतीने ‘हवेची पर्वा करू नका’ असा जो एक बेफिकीर संदेश दिला, तो तिच्या तत्त्वाचा अतिरेक होता.

९. महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील कारखान्यांना अशा तापनयंत्रणेची गरज नाही. तथापि तिच्यामागील विचार येथे उलट्या दिशेने लागू पडतो. एप्रिलमध्ये शेडच्या उघड्या पत्र्याचे तापमान ६० अंशांवर गेले, तर तो पत्रा प्रतिचौरस मीटर सुमारे ७०० वॉटांपर्यंत प्रारण खाली टाकू शकतो. कोणीही न आखलेली अशी एक प्रारण-यंत्रणाच कामगाराच्या डोक्यावर सुरू असते. पंखा हवा हलवितो, प्रारण अडवीत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात भिंती व छत यांचे साहित्य आणि रचना तापमान शक्य तितके कमी राहील अशी असावी, अशी तरतूद होती. म्हणजे छताचे उत्तरदायित्व कायद्याने ओळखले होते. प्रत्यक्षात छायेतील हवेचे तापमान पाहून समाधान मानण्याचा परिपाठ येथेही आहे. काळ्या गोळ्याचा तापमापक थंड देशातील शेडमध्ये जितका आवश्यक, तितकाच पत्र्याच्या शेडमध्येही आवश्यक आहे.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, प्रारण-नळीची पद्धत उंच, सतत उघडणाऱ्या आणि अंशतःच वापरात असणाऱ्या इमारतींसाठी तत्त्वतः योग्य आहे. हवाबंद आणि उत्तम रोधनाच्या इमारतींत तिचे श्रेष्ठत्व बरेच ओसरते. दुसरा, सरसकट सवलतीचा गुणक सोडून प्रत्येक इमारतीचा हवाबदल मोजणे आणि बचत त्यातून काढणे, हीच शास्त्रीय रीत होय. तिसरा, नळ्यांचा नकाशा यंत्रे, रॅक आणि माणसांच्या जागा मांडल्यानंतर काढावा, आणि यंत्रणा स्वीकारताना काळ्या गोळ्याचे मोजमाप प्रत्यक्ष कामाच्या जागी, डोक्याच्या आणि घोट्याच्या उंचीवर घ्यावे. चौथा, इंधनाची निवड ही शेवटची पायरी आहे. तिच्याआधी गळती थांबविणे क्रमप्राप्त आहे.

शेकोटीभोवती बसलेला माणूस स्वतः पुढे-मागे सरकू शकतो. कारखान्यातील माणसाची जागा मात्र यंत्राने ठरविलेली असते. त्याला सरकता येत नाही. त्याच्या वतीने हे सरकणे रचनाकाराने कागदावरच करावयाचे असते. हे उत्तरदायित्व ज्या रचनेत पाळले जाते, तीच ‘माणूस तापविणारी’ रचना म्हणविण्यास पात्र ठरते.